वाड्यातला पंचम

रायपूरच्या तात्यापाऱ्यात भल्या पहाटे मोटार दाराशी उभी राहिली तेव्हा मावशीच्या हातात दशम्यांची पुरचुंडी होती आणि मनात, तिने बोलून न दाखविलेला, एक जुना हेतू होता. विलायतेत उमरावांच्या खेड्यांतील प्रशस्त हवेल्या पाहावयास लोक सुटीच्या दिवशी तिकीट काढून जातात, दोरीच्या अलीकडून पलंग आणि चिनी मातीची भांडी न्याहाळतात व चहा घेऊन परततात, असे मी तिला एकदा सांगितले होते. करांच्या बोजाखाली वाकलेल्या त्या घराण्यांना १९३७ च्या कायद्याने आपली वास्तू नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन करून तिच्यातच राहण्याची सवलत मिळाली, हेही सांगितले. "मग आपल्याकडे काय वाडे नाहीत?" एवढेच ती म्हणाली होती, खैरागडचा बेत त्या एका प्रश्नातून निघाला.

भिलाईची धुराडी मागे पडली, दुर्गच्या पुढे शिवनाथ ओलांडली. हा सारा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांचा. बिंबाजी भोसले रतनपुरास राहून १७८७ पर्यंत येथला कारभार पाहत, आणि खैरागड-नांदगावचे अधिपती भोसल्यांच्या दरबारी टकोली भरीत. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, दप्तरे इंग्रजांच्या ताब्यात गेली. आमच्या वाट्याला उरली ती आडनावे आणि हिंदीच्या वाऱ्याने काहीशी सैल झालेली मराठी.

राजनांदगावात राणीसागराच्या काठी घटकाभर थांबलो. बैरागी महंतांच्या गादीचा तो जुना राजवाडा आज दिग्विजय महाविद्यालय आहे, आणि १९५८ पासून तेथे शिकवावयास आलेले गजानन माधव मुक्तिबोध त्याच आवारात राहत असत. मराठी घरात जन्मलेल्या दोन भावांपैकी शरच्चंद्रांनी मराठीत लिहावे आणि गजाननांनी हिंदीत, आणि राजांनी सोडलेल्या वास्तूत एका निष्कांचन कवीने बिऱ्हाड थाटावे, ही तजवीज कोणा दिवाणाला सुचली नसती. मावशीला मात्र कवितेपेक्षा पुढच्या रस्त्याची घाई होती.

खैरागडास पोहोचलो तेव्हा उन्हे चढली होती. राजा वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या, इंदिरेच्या, स्मृत्यर्थ हा राजवाडा संगीताला देऊन टाकला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. वाडा विकला असता तर त्याचे हॉटेल झाले असते, राखला असता तर संग्रहालय. दोन्ही गती अगदीच वाईट नव्हेत, परंतु दोहोंतही मालकाचा जुना थाट हाच प्रेक्षणीय ऐवज ठरतो. येथे तो थाट पाहावयास कोणी येत नाही. ज्या ओसरीवर कधी काळी अर्जदार ताटकळले असतील, तेथे चपलांचे ढीग पडलेले. एका दालनातून तबल्याचे बोल, दुसऱ्यातून घुंगरांचा नाद, आणि जिन्यावर डबा उघडून बसलेल्या दोन मुली, ज्यांना आपण राजवाड्यात जेवतो आहोत याची यत्किंचितही दखल नव्हती. विलायतेतील ती दोरी येथे कोणी बांधलीच नाही.

मावशीचा हेतू आता उघड झाला. भातखंडे यांचे शिष्य, लखनऊच्या मॅरिस कॉलेजाचा भार दीर्घकाळ वाहिलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर येथे कुलगुरू होते. "अण्णासाहेब," ती म्हणाली, जणू ते नात्यातले असावेत. कुमारवयात भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांवरून ती गाणे शिकली, आणि लग्नानंतर स्वयंपाकघरातल्या वाफेत ते विरून गेले. घरात त्याविषयी कधी कोणी विचारले नव्हते, मीही नव्हते.

परतीची वेळ झाली तरी ती एका खिडकीखालच्या दगडी कट्ट्यावरून हलेना. आत कोणी नवखा विद्यार्थी तंबोरा लावीत होता. तार चढवी, छेडी, पुन्हा उतरवी.

"मावशी, निघायचं ना? रायपूरला पोचेपर्यंत रात्र होईल."

"थांब गं," ती हात वर करून म्हणाली, "त्याचा पंचम अजून उतरलेला आहे."