चंद्राचं टेंडर

२ एप्रिल २०२२ ला गुढीपाडवा होता आणि त्याच संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला. आम्ही तरावीहच्या तयारीत असतानाच आभाळातून जळते गोळे एका रांगेत गेले. आमच्या शेजारच्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. तेव्हापासून वर्गात रॉकेटचे प्रश्न थांबत नाहीत. परवा एकाने विचारलं, "सर, चंद्रावर जायचं सोडून ते दोन शेठ कोर्टात कशाला गेले?"

ते दोन शेठ म्हणजे स्पेसएक्सचे इलॉन मस्क आणि ब्लू ओरिजिनचे जेफ बेझोस. माणसांना चंद्रावर उतरवणाऱ्या यानाचं कंत्राट नासाने एप्रिल २०२१ मध्ये एकट्या स्पेसएक्सला दिलं. तिची बोली २.८९ अब्ज डॉलरची, ब्लू ओरिजिनची जवळपास ६ अब्जांची, तिसऱ्या डायनेटिक्सची ९ अब्जांच्या वर. नासाला खरं तर दोन कंपन्या हव्या होत्या. पण संसदेने त्या वर्षी या कामासाठी ८५ कोटी डॉलर दिले, मागणीचा सुमारे चौथा हिस्सा.

हरलेल्या दोघांनी तक्रार केली. बेझोसनी तर जाहीर पत्र लिहून २ अब्ज डॉलरपर्यंत सूट देऊ केली. निविदा उघडल्यावर भाव कमी करणारे ठेकेदार आपल्याकडेही काही कमी नाहीत! लेखापरीक्षण कार्यालयाने ३० जुलैला तक्रार फेटाळली: एक, अनेक किंवा एकही कंपनी न निवडण्याचा हक्क नासाने आधीच राखून ठेवला होता. मग ब्लू ओरिजिन कोर्टात गेली आणि नोव्हेंबरमध्ये तिथेही हरली. या भांडणापायी काम दोनदा थांबलं.

श्रीमंतांचा पोरकटपणा म्हणून सगळे हसले. मला ते हसणं पटत नाही. कुणाला का निवडलं आणि कुणाला का नाही, याची कारणं नासाने लेखी जाहीर केली होती. हरणारा त्यातल्या एकेका कारणावर भांडू शकला. आपल्याकडे नाकारलेल्या माणसाच्या हातात असा कागद किती वेळा पडतो?

शिवाय ब्लू ओरिजिनचा एक मुद्दा खोटा नव्हता: एकाच ठेकेदारावर विसंबू नका. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. तिथल्या कित्येक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. लिलावाला एकच व्यापारी आला, तर भाव कोण ठरवतो, हे पुडे बांधणाऱ्या घरातल्या पोरांना मी शिकवायची गरज नाही.

भारतात हा प्रसंग अजून आलेला नाही. चंद्रयान-३ चा विक्रम लँडर इस्रोचाच. विक्रोळीच्या गोदरेजसारख्या खासगी कंपन्यांनी इंजिनं, सुटे भाग पुरवले. उद्या आख्खं यान कंत्राटावर गेलं, तर ही अमेरिकेतली कागदपत्रं आपल्या अधिकाऱ्यांनी जरूर वाचावीत.

मे २०२३ मध्ये नासाने ब्लू ओरिजिनलाही पुढच्या मोहिमेसाठी ३.४ अब्जांचं कंत्राट दिलं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नासाचे हंगामी प्रमुख शॉन डफी म्हणाले, स्पेसएक्स मागे पडली आहे, पहिलं कंत्राटही इतरांसाठी खुलं करतो. मस्क भडकले. वर्गात हे सांगितलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे दुसरा व्यापारी आला, सर."