वळवाआधीचे दिवस

म्हैसूरचा चैत्र विदर्भासारखा भाजून काढत नाही. पहाटे अंगावर चादर हवी वाटते, दहानंतर ऊन चढते, आणि चारच्या सुमारास पश्चिमेला, कोडगूच्या अंगाला, ढगांची जुळवाजुळव सुरू होते. सध्या मी त्या ढगांवर डोळा ठेवून आहे. शनिवारी आम्ही तिकडेच निघालोय. बैलकुप्पे ही तिबेटी वसाहत इथून ऐंशीएक किलोमीटर. तिथे दुपार घालवायची, मग कावेरी ओलांडून कोडगूत शिरायचे आणि ओळखीच्या एका कॉफीच्या मळ्यात तंबू ठोकायचा.

तंबू गच्चीवर उन्हात पसरून ठेवलाय. मुले त्यात आत्ताच राहायला गेली आहेत. पिशवीत मेतकूट, तूप, तांदूळ, कंदील. निघण्याआधीचे हे दिवस मला प्रत्यक्ष सहलीइतकेच आवडतात. ऑफिसच्या खिडकीतून दिसणारे ऊनसुद्धा तेव्हा हुणसूर, पिरियापट्टणच्या रस्त्यावरचे वाटू लागते.

पिरियापट्टण मागे पडले की झाडांना बांधलेल्या निळ्या-पांढऱ्या-लाल-हिरव्या-पिवळ्या पताका दिसू लागतात. शेते या दिवसांत मोकळी असतात, कारण मका पावसावर. पुण्या-मुंबईत थंडीभर पदपथांवर स्वेटर विकणाऱ्या तिबेटी माणसांपैकी कितीतरी जणांचे घर इथे आहे. हिवाळा सरला की ती परततात, आणि उन्हाळ्यात गल्ल्या पुन्हा भरतात. नामड्रोलिंग मठाच्या सुवर्णमंदिरात दुपारी शिरले की बाहेरचे ऊन विसरायला होते. बुद्ध, पद्मसंभव आणि अमितायुस यांच्या त्या प्रचंड सोनेरी मूर्तींसमोर मुले आपोआप गप्प होतात. नंतर थुक्पा, मोमो, आणि मोठ्यांसाठी लोण्याचा खारट चहा. तो मला मनापासून आवडतो.

पण तंबू बांधताना माझ्या मनात येते ते 1960-61 साल. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने तिबेटी निर्वासितांना दिलेली सुमारे 3000 एकर जमीन म्हणजे जंगल होते. थंड पठारावरून आलेली माणसे तंबूंत आणि बांबूच्या झोपड्यांत राहिली, झाडे तोडत, जाळत, हत्तींना हुसकत. असाच उन्हाळा त्यांनी पहिल्यांदा सोसला. आजारपणे आली, माणसे गेली. 1963 मध्ये धर्मगुरू पेनोर रिनपोचे यांनी मोजक्या भिक्षूंना घेऊन नामड्रोलिंग मठ सुरू केला, तोही बांबूच्या साध्या बांधणीत. आजच्या सुवर्णमंदिराचे उद्घाटन 1999चे. आम्ही हौसेने जे कापड ताणून एक रात्र काढणार, त्याच्याखाली या लोकांनी गाव उभे केले. ही गोष्ट मुलांना मी तिथेच, त्या शेतांच्या कडेला उभे राहून सांगणार आहे.

नदीपलीकडची गोष्ट वेगळी. तिथला सगळा उन्हाळा दोन पावसांभोवती फिरतो. पहिला ब्लॉसम शॉवर: इंचभर पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत रोबस्टा कॉफीची झुडपे पांढरीशुभ्र फुलतात, मळ्यात जाईसारखा घमघमाट सुटतो आणि मधमाश्यांची धांदल उडते. तीन-चार दिवसांत फुले करपून तपकिरी होतात. मग दुसरा, बॅकिंग शॉवर. तो वेळेवर आला नाही तर फळ नीट धरत नाही. ज्यांच्याकडे तळे आहे ते स्प्रिंकलर लावून भागवतात. बाकीच्यांनी आभाळाकडे पाहायचे. आमच्या यजमानांकडे बहर येऊन गेलाय. परवा फोनवर ते तंबूच्या जागेबद्दल थोडे बोलले आणि पावसाबद्दल बराच वेळ.

म्हणून घरात सगळे कोरड्या शनिवारची वाट पाहत असताना मला मात्र मनातून पाऊस हवा आहे. वळीव कोसळावा, तंबूचे कापड थडथडावे, माती तापलेली असतानाच भिजावी, आणि सकाळी यजमानांच्या चेहऱ्यावर ते समाधान दिसावे.

तुम्हीही या दिवसांत इकडे येणार असाल तर तंबूवर टाकायला ताडपत्री आणा आणि भोवती चर खणा. नदीकाठी किंवा जंगलालगत मुक्काम टाकू नका, हत्ती त्याच वाटेने पाण्यावर येतात. मळ्यात राहायचे तर मालकाला विचारून राहा. आणि रात्री पाऊस आलाच, तर त्याला नावे ठेवू नका.