तीन चाकं, तीन रेघा

भडगावला रेल्वे नाही. भुसावळहून मनमाडकडे जाणारी लाइन आम्हाला टाळून पाचोऱ्याहून कजगावला, तिथून चाळीसगावला जाते. गाडी धरायची तर आधी कजगाव नाहीतर पाचोरा गाठायचं. या एका गोष्टीमुळे आमच्या गावात टांगे टिकले आणि टांगे गेल्यावर तीनचाकीचं राज्य आलं. माझ्या पिढीतल्या भडगावकराला मुंबईचा पहिला प्रवास आठवत नसेल, पण कजगाव स्टेशनापर्यंतची रिक्षा आठवत असते. मांडीवर ट्रंक, ट्रंकेवर कुणाचं तरी लेकरू, आणि ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना एकेक माणूस अर्ध्या ढुंगणावर टेकलेला.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो कॅनडात अल्बर्टाला असतो. दिवाळीला आला तेव्हा मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवत होता. मित्राची नवी तीनचाकी मोटरसायकल त्याने तिकडच्या गिट्टीच्या रस्त्यांवर मनसोक्त हाणली होती. कॅन-ॲम कॅनियन तिचं नाव. पुढे दोन चाकं, मागे एक. 2024 साली कंपनीने ती जाहीर केली ती ‘साहसी’ वळणाची म्हणून : उंच हँडल, ताठ बैठक, हातांपुढे ढाली, पोटाखाली जास्त जागा, लांब शॉकॲब्सॉर्बर. इंजिन तीन सिलिंडरचं, 1330 सीसी, 115 अश्वशक्तीचं. किंमत आपल्या रुपयांत मांडली तर नवा ट्रॅक्टर येऊन वर ट्रॉलीचेही पैसे उरतील.

आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, शेजारी बसून बघत होते. कजगाव-भडगाव रस्त्यावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं रिक्षा चालवली. आधी पुढे इंजिन असलेली जुनी बजाज, नंतर सहा आसनी डिझेल. व्हिडिओ अर्ध्यावर असताना ते म्हणाले, “खांदा दुखतस का रे भो?”

भाचा चकित झाला. त्याचे खांदे खरंच दुखले होते.

ज्याने फक्त दुचाकी चालवली आहे त्याला हा प्रश्न सुचणार नाही. दुचाकी वळणात झुकते, अंगाचा भार आपोआप चाकांवर जातो, हाताला कष्ट नाहीत. न झुकणारी तीनचाकी वळणात सपाट राहते आणि अंग बाहेर फेकलं जातं. मग माणूस हँडलला लटकतो, गुडघ्यांनी टाकी आवळतो. भाच्याने पहिल्याच वळणावर सवयीने अंग झुकवलं. गाडीने त्याची दखलच घेतली नाही. हँडल उजवीकडे ओढावं तेव्हाच ती उजवीकडे जाते, नाना चाळीस वर्षांपूर्वी ओढायचे तशी. वेगात दुचाकी उजवीकडे वळवताना हँडलची उजवी मूठ आपण नकळत पुढे दाबतो. ते शरीराला शिकवलेलं सगळं विसरावं लागतं. भाच्याला त्यात अख्खी सकाळ गेली. शिवाय क्लच नाही, गिअर डाव्या हाताच्या बोटांनी, ब्रेकला हाताशी काहीच नाही. उजव्या पायाखाली एक पेडल, ते दाबलं की तिन्ही चाकं धरली जातात.

नानांची रिक्षा याच्या बरोबर उलटी : पुढे एक चाक, मागे दोन. सुरू करायला बसल्या जागी हाताने लिव्हर ओढायची, थंडीत पाच-सहा वेळा तरी. पुढच्या एकट्या चाकावर सगळी दिशा. मागे माणसं जास्त झाली, आणि जास्त व्हायचीच, की पुढचं चाक हलकं पडून हँडल हातात तरंगायचं. म्हणून मागच्या दांडीवर कुणी लोंबकळू लागलं की नाना एखाद्या जाड्या गिऱ्हाइकाला पुढे आपल्याजवळ बोलावून घेत. आम्हा पोरांना तो मान वाटे. प्रत्यक्षात तो तोल साधायचा उपाय होता. वळणात जोराने ब्रेक दाबला तर अशी रिक्षा पुढच्या कोपऱ्यावर कलते. कजगावच्या रस्त्याला कलंडलेली रिक्षा चार माणसांनी उचलून सरळ करताना मी पाहिली आहे. कुणाला फारसं लागलं नव्हतं, फक्त एका बाईंची अंडी गेली. दोन चाकं पुढे घेतली की हा धोका बराच कमी होतो, कारण ब्रेक दाबताना भार जिथे जातो तिथेच दोन पाय रोवलेले असतात. वर आता इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. चाक उचलायला लागलं की ती इंजिनचा जोर कापते आणि हवं ते चाक स्वतःच धरते. नानांकडे या कामाला जाडं गिऱ्हाईक होतं.

त्याहून आधीची तीनचाकी मोटरसायकल आमच्या पिढीने पडद्यावर पाहिली. ‘शोले’तल्या जय-वीरूची साइडकार बघून आम्हाला वाटलं होतं की यापरती मजा नाही. ती चालवणाऱ्याचे हाल सिनेमात दिसत नाहीत. साइडकार डावीकडे असली तर रेस दिली की गाडी डावीकडे ओढते, रेस सोडली की उजवीकडे, आणि डाव्या वळणावर रिकामी साइडकार हवेत उठते. गाण्यात हे सगळं कुठे बसवणार!

तीनचाकीचं भारतातलं घराणं तसं आपल्या महाराष्ट्राचंच. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने 1958 मध्ये जर्मनीच्या हॅन्सियाट टेम्पोची जुळणी इथे सुरू केली. 1961 च्या सुमारास बजाजच्या स्कूटर-रिक्षा पुण्याहून निघू लागल्या, त्या इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर. पियाजिओने 1948 मध्येच व्हेस्पाला मागे दोन चाकं लावून ‘ॲपे’ काढली होती. युद्धाने कंगाल झालेल्या इटलीत माल वाहायला दुसरं काही परवडत नव्हतं. तीच ॲपे पुढे बारामतीच्या कारखान्यातून आमच्या खेडोपाडी आली. म्हणजे इटली काय नि खान्देश काय, तिसरं चाक जोडलं गेलं ते ओझ्यासाठी. कापसाची गाठोडी, केळीचे घड, लग्नाचं वऱ्हाड. कॅनियन बनवणाऱ्या घराण्याची गोष्ट निराळी. क्युबेकच्या बॉम्बार्डिएने बर्फात अडकणाऱ्या माणसांसाठी 1930 च्या दशकात गाड्या बनवल्या, 1959 मध्ये स्की-डू ही बर्फावरची स्कूटर काढली. रुतणाऱ्या जमिनीवर माणूस कसा पुढे जाईल, हा त्यांचा मूळ प्रश्न.

आणि रुतणं आम्हाला कुणी शिकवायला नको. गिरणाकाठच्या काळ्या मातीत मृगाचा पाऊस पडला की कोळगाव-गुढ्याकडच्या शेतरस्त्यांवर चाक आणि मडगार्ड यांच्यात चिखल असा गच्च बसे की चाक फिरेनासं होई. नानांच्या सीटखाली त्यासाठी बाभळीची चपटी काडी कायम असे. राजदूतवर दूध घालणारे तर पावसाळ्यात पुढचं मडगार्ड काढूनच ठेवत. आज भडगावची पोरं हिमालयन नाहीतर एक्सपल्स घेऊन कन्नडच्या घाटाने वेरूळला जातात. त्यांतल्या एक्सपल्सला पुढचं मडगार्ड चाकापासून बरंच वर, चोचीसारखं असतं. दूधवाल्यांनी पान्हा चालवून जे केलं तेच कारखान्याने रंग देऊन विकलंय, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. ॲल्युमिनियमच्या पेट्याही जिथे लटकवतात ती जागा दुधाच्या कॅनचीच. तक्रार नाही, गाड्या छान आहेत. फक्त शोध कुणाचा हे पोरांना सांगायला हवं.

पण तीनचाकीचं खरं दुखणं चिखलात नाही, चाकोरीत आहे. बैलगाड्यांनी आणि आता ट्रॅक्टरांनी शेतरस्त्यावर दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, मध्ये गवताचा उंचवटा, त्यात दगड. दुचाकी एका चाकोरीतून किंवा काठावरून निघते. जीप दोन चाकोऱ्यांतून निघते. तीनचाकीची दोन चाकं चाकोऱ्यांत आणि तिसरं बरोबर मधल्या दगडांवर. डांबरी रस्त्यावरही हेच. दुचाकीवाला खड्डा चुकवतो, चारचाकीवाला खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेतो, तीनचाकीवाल्याला एक चाक खड्ड्यात घालावंच लागतं. कोणतं, एवढंच त्याच्या हाती. नाना शक्यतो मागचं डावं घालायचे, कारण तिकडे बसणारे उतारू बहुधा फुकटे ओळखीचे असत.

भाच्याला हे सांगितलं तर तो उठूनच बसला. त्याच्या गिट्टीच्या रस्त्यावर मधोमध मोकळ्या खडीची वरंबी साचते. पुढची दोन चाकं दाबलेल्या पट्ट्यांतून मस्त चालत, मागचं एकटं चाक त्या वरंबीवरून वळवळत येई. ओढणारं चाकही तेच. “पहिले भीती वाटली, मग मजा यायला लागली,” तो म्हणाला. मोटरसायकल असती तर पुढचं चाक खडीत घसरून तो केव्हाच आडवा झाला असता. इथे फक्त शेपूट हलते, तोंड सरळ राहतं. त्याच्या मते ही तीनचाकी ना मोटरसायकल ना मोटार. झुकण्याचं सुख हवं असेल तर हिच्या वाटेला जाऊ नये, पण ज्याला पडायचं नाही आणि तरी वारा तोंडावर घ्यायचाय त्याच्यासाठी ही झकास. गुडघे गेलेले, दोन पायांवर जड गाडी तोलू न शकणारे पुष्कळ वयस्क लोक तिकडे अशा गाड्या चालवतात. हे ऐकून नाना जरा सावरून बसले.

झुकणाऱ्या तीनचाक्याही निघाल्या आहेत. पियाजिओचीच एमपी-3 ही 2006 ची, यामाहाची निकेन 2018 ची. त्यांत पुढची दोन चाकं सांध्यांवर एकत्र कलतात. नानांना त्याचा व्हिडिओ दाखवला, पण मन रमलं नाही. एवढे सांधे, एवढे बेअरिंग, आणि वर काळी माती. ग्रीस कोण भरणार, असं त्यांचं मत. कॅनियनमध्ये मात्र त्यांना रस होता. रिव्हर्स आहे का? आहे. सीट किती? दोन. इथे ते हळहळले. जामदा बंधाऱ्याकडे जाणाऱ्या पाटाच्या रस्त्याने ही निघेल का यावर दोघांचा वाद झाला. पाटाच्या मोऱ्यांवर पोट टेकेल असं नाना म्हणत, जागा भरपूर आहे असं भाचा म्हणे. मग नानांनी मोबाइल हातात घेऊन गाडी चहूबाजूंनी न्याहाळली, चित्र बोटांनी मोठं करून मागे पाहिलं, खाली पाहिलं.

“स्टेपनी कथी शे?”

भाच्याने सांगितलं की स्टेपनी नसते. पुढचे टायर वेगळे, मागचा वेगळा. पंक्चर झालं तर किटने बुजवायचं, नाहीतर फोन करून गाडी उचलून न्यायला माणूस बोलवायचा.

“तीन चाकं आनि स्टेपनी नही?” नानांनी मोबाइल परत दिला. “मंग शे भो, खरीच साहसी शे.”