तीन खाड्यांचा रस्ता

रत्नागिरीत सूर्य समुद्रातून उगवत नाही. तो काजळी नदीच्या वरच्या अंगाने, सह्याद्रीकडून येतो आणि भाट्याच्या खाडीचे पाणी आधी तांबडे करून मग शहराकडे वळतो. पहाटे साडेपाचच्या सुमारास खाडीवरच्या पुलावर जे मोजके लोक दिसतात त्यांत मिरकरवाड्याकडे निघालेले मासळीचे टेम्पो असतात, दूधवाले असतात आणि एका जुन्या सायकलीवर शहरातल्या एका शाळेचे क्रीडाशिक्षक असतात. गाव त्यांना ‘सर’ एवढ्याच नावाने ओळखते. येथेही तेवढे पुरे.

भाट्याच्या वाळूवर चार किलोमीटर धावणे, सुरूच्या बनाजवळ पंचवीस दंड, पंचवीस बैठका आणि पुन्हा सायकल, हा त्यांचा क्रम तीस वर्षांत फारसा चुकलेला नाही. पूर्वी दंड-बैठकांचा आकडा मोठा होता. गुडघ्याने तक्रार केल्यावर त्यांनी आकडा कमी केला, पण वेळ बदलली नाही. पुढच्या वर्षी त्यांना 58 वर्षे पूर्ण होतील. म्हणजे येणारी उन्हाळ्याची सुट्टी ही त्यांच्या नोकरीतली शेवटची.

ज्यांनी रत्नागिरी केवळ गणपतीपुळ्याच्या वाटेवरचे एक स्टेशन म्हणून पाहिली आहे, त्यांना या शहराची ठेवण सहसा ध्यानात येत नाही. शहर चढ-उतारांचे आहे. मारुती मंदिर वर, बाजारपेठ खाली आणि मांडवी त्याहून खाली. रत्नदुर्गाचा घोड्याच्या नालेसारखा डोंगर समुद्रात शिरला आहे. त्याच्या एका बाजूला काळसर वाळूचा किनारा, तो काळा समुद्र. दुसऱ्या बाजूला उजळ वाळूचा, तो पांढरा समुद्र. पाचवी-सहावीच्या मुलांना सर भूगोलाचा हा धडा धावत शिकवतात. एका रविवारी भगवती मंदिराकडून दीपगृहापर्यंत, तर दुसऱ्या रविवारी थिबा पॅलेसकडून पॉइंटपर्यंत. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा इंग्रजांच्या नजरकैदेत या शहरात वर्षानुवर्षे राहिला आणि 1916 मध्ये येथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेल्या लाल वाड्यासमोर मुले धापा टाकत उभी राहतात, तेव्हा सर त्यांना दोनच वाक्यांत ही हकिगत सांगतात आणि म्हणतात, ‘‘त्याला मनात आले म्हणून बाहेर पडता येत नव्हते. तुम्हांला येते. चला.’’

शाळेतला त्यांचा दिवस मैदानाच्या आखणीने सुरू होतो. फक्कीचे डबे, सुतळी, दोन खुंट्या. खो-खोचे मैदान आखताना ते कुणाला बोलू देत नाहीत. जांभ्याच्या तांबड्या मातीवर पांढरी रेघ सरळ उमटली की मग मुली अनवाणी पायांनी आठ चौकोनांत उकिडव्या बसतात. बाकीचा वेळ मात्र मैदानावर जात नाही. गैरहजर शिक्षकांचे तास, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीच्या याद्या, स्पर्धांचे प्रवेश अर्ज, खेळाडूंच्या जन्मतारखांचे दाखले. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी शालेय स्पर्धा चढत जातात. प्रत्येक पायरीवर तेच दाखले पुन्हा. पेढीवर बसणाऱ्या माणसाला हे सांगावे लागू नये की काम जितके थोडे, तितकी त्याची वही जाड असते.

त्यातही एक काळजी कायमची. कोकणातली घरे मुंबईला उतरत राहिली आणि शाळांचे पट रोडावले. संचमान्यतेत पदे पटावर ठरतात. गणिताच्या शिक्षकाविना शाळा चालत नाही हे सर्वांना पटते. खेळाच्या शिक्षकाविना ती चालते, असे पुष्कळांना वाटते. सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कोणी येईल की तास इतरांत वाटले जातील, हे आज कोणी सांगू शकत नाही. ते स्वतः या विषयावर बोलत नाहीत. फक्त अलीकडे त्यांनी नववीच्या दोन मुलींना मैदान आखायला शिकवले आहे.

सुट्टीचा हिशेबही कोकणात निराळा आहे. जूनमध्ये शाळा उघडते ती पावसाबरोबरच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा हा पाऊस सप्टेंबरपर्यंत मैदान शेवाळवून टाकतो, मग व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या आणि सूर्यनमस्कार. गणपतीची सुट्टी तर घाटावरच्यांना कळणारच नाही. त्या दिवसांत शाळाच काय, अख्खा जिल्हा आपापल्या मूळ गावी असतो. दिवाळीची सुट्टी स्पर्धांच्या आसपास विरघळते. खरी मोकळी सुट्टी उन्हाळ्याची, आणि नेमकी तेव्हाच हापूस तयार होतो. एप्रिल-मे महिन्यांत झेला हातात घेतलेला, पेट्या भरणारा, खोक्यांत पेंढा घालणारा मुलगा हा बागायतदाराच्या घरचा हुकमी हात असतो. दुकानदाराच्या घरीही तेच: लग्नसराई, चाकरमान्यांची गर्दी, वर्षाची निम्मी उलाढाल सहा आठवड्यांत. शाळेची सुट्टी ही घराची सुट्टी नव्हेच.

सरांनी आपल्या शेवटच्या सुट्टीसाठी जो बेत आखला, तो म्हणूनच अनेकांना अवेळी वाटला. सोळा विद्यार्थी, दोन शिक्षिका, एक माजी विद्यार्थी टेम्पो घेऊन मागे, आणि रत्नागिरी ते हरिहरेश्वर असा किनाऱ्या-किनाऱ्याने पाच दिवसांचा सायकलप्रवास. मागच्या दिवाळीत त्यांनी तो एकट्याने करून पाहिला. चढ कुठे, सावली कुठे, पंक्चर काढणारा कोणत्या नाक्यावर, विहिरीचे पाणी कोठे गोड, हे सारे एका लाल बांधणीच्या वहीत उतरवले. वही रोजमेळाची आहे. जमा बाजूला पाणी आणि सावली, नावे बाजूला चढ.

पहिला दिवस मुद्दाम लहान. मिऱ्याकडे पाठ करून आरे-वारेच्या कड्यावर चढायचे. तेथून समुद्र एकदम दोन्ही अंगांना उघडतो आणि नवखा सायकलस्वार हमखास ब्रेक दाबायला विसरतो. वहीत येथे तांबड्या शाईने खूण आहे. पुढे गणपतीपुळे आणि त्याला लागून मालगुंड. मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. 1866 मध्ये जन्मलेला हा कवीही पोटासाठी शाळामास्तरच होता, गावोगावच्या शाळांत शिकवत फिरला आणि चाळिशी गाठण्याआधी, 1905 मध्ये गेला. त्यांच्या स्मारकाच्या आवारात मुक्काम.

दुसऱ्या दिवशी जयगड. येथे शास्त्री नदीची खाडी आडवी येते. पूर्वी अशा खाडीवर होडीची तर असे. माणसे उतरत, गुरे पोहत. पूल फार आत, त्यामुळे दक्षिण तीरावरच्या माणसाला समोर दिसणारे गाव गाठायला दिवस मोडावा लागे. आता फेरीबोट मोटारी, ट्रक आणि सायकली एकदमच पलीकडे तवसाळला नेऊन सोडते. मुलांना वाटते की बोटीत विश्रांती मिळेल. ती मिळते, पण थोडीच. कारण खाडी उतरली की सडा चढावाच लागतो. कोकणच्या किनारी रस्त्याचा हा स्वभावच आहे: बंदर पाण्यालगत, गाव माडांच्या सावलीत आणि रस्ता मात्र दोहोंच्या वर, उघड्या कातळावर. सायकलीवर बसल्याशिवाय हा स्वभाव कळत नाही. मोटारीत तो झोपेत निघून जातो. हेदवीला समुद्राने कातळ चिरून केलेली बामणघळ आहे. भरतीच्या वेळी त्या फटीतून पाणी उंच उसळते. सरांनी तेथे पोहोचण्याची वेळ भरतीच्या कोष्टकावरून बेतली आहे. रात्री गुहागर.

तिसऱ्या दिवशी वाशिष्ठीची खाडी. धोपाव्याच्या धक्क्यावरून पलीकडे दाभोळ दिसते. आज दाभोळ हे दाट माडांत दडलेले शांत गाव आहे. पण बहामनी काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते आणि अरबस्तानातले घोडे येथे उतरत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात आला, तो घोडा विकून नफा कमावण्याच्या आशेने. परत फिरताना त्याने जहाज पकडले ते दाभोळातून. त्याचा व्यापार काही साधला नाही, प्रवासाची टिपणे मात्र राहिली. व्यापारी घरांतल्या मुलांना ही गोष्ट फेरीबोटीवरच सांगायची, असे वहीत लिहिलेले आहे. धक्क्यावर उतरल्यावर कोणी ऐकत नाही.

दाभोळहून बुरोंडी, लाडघर, कर्दे करीत रस्ता मुरुडला येतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. जन्म 1858 चा, खेड तालुक्यातील शेरवलीचा, वाढले मुरुडात. शालेय परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर भर पावसात येथून कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला पायी गेला. एवढे चालून तेथे काय झाले, तर अंगकाठी लहान, वय पुरे दिसत नाही म्हणून परीक्षेलाच बसू दिले नाही. तो परतला आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचा प्राध्यापक झाला. त्याच्या हातून स्त्रीशिक्षणाचे केवढे कार्य उभे राहिले, ते महाराष्ट्र जाणतो. म्हातारपणी ग्रामीण शाळांसाठी पै-पैसा गोळा करीत ते गावोगाव चालत राहिले आणि 104 वर्षे जगले. चरित्रकार त्यांच्या चिकाटीबद्दल पुष्कळ लिहितात. सरांचे मत असे की, पायांबद्दल कोणी पुरेसे लिहिलेले नाही.

चौथा दिवस हर्णैच्या बंदराचा, समोर पाण्यात उभ्या सुवर्णदुर्गाचा आणि आंजर्ल्यापासून केळशीपर्यंतच्या वाटेचा. पाचव्या दिवशी वेळास. नाना फडणविसांचे हे मूळ गाव आता समुद्री कासवांसाठी ओळखले जाते. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात येथील वाळूत अंडी घालतात आणि गावकरी ती जपतात. मेपर्यंत बहुतेक पिले समुद्रात गेलेली असतात. मग सावित्रीची खाडी, बाणकोटजवळून तिसरी फेरीबोट, आणि बागमांडल्याला उतरले की हरिहरेश्वर उरते चार-पाच किलोमीटर. परतीला सायकली टेम्पोत, मुले एस.टी.त.

सोळापैकी पंधरा घरांचे होकार आले. सोळावे घर राम आळीतले, कापडाच्या दुकानाचे. मुलगी नववीतून दहावीत जाणारी, खो-खोत पाठलागाला तिच्याइतकी चपळ शाळेत दुसरी नाही. मैदान आखायला शिकलेल्या दोघींपैकी ही एक. वडिलांचा नकार उद्धट नव्हता. उलट कारणे मोजून दिलेली होती. दहावीचे क्लास मेमध्येच सुरू होतात. लग्नसराईत दुकानात माणूस कमी पडतो आणि ही मुलगी बिलबुक सांभाळते. तिसरे कारण त्यांनी थोडे थांबून सांगितले: घरात चौविहार पाळतात, कंदमुळे वर्ज्य, पाच दिवस परक्या गावी तिच्या नेमाचे काय?

सर संध्याकाळी दुकानात गेले. गिऱ्हाईक होते, म्हणून पाऊण तास बाकावर बसून राहिले. शेठनी दोनदा चहा विचारला, दोनदा त्यांनी नको म्हटले. गर्दी ओसरल्यावर त्यांनी लाल वही गल्ल्याजवळ उघडून ठेवली.

‘‘शेठ, क्लासचे तुमचे तुम्ही बघा. ते मला ठरवता येणार नाही. पण मे महिन्यात ऊन असे की दहानंतर मी कोणालाच सायकलीवर बसू देणार नाही. पहाटे पाचला निघायचे, दहाला थांबायचे. दुपारभर मुले सावलीत असतील. तेव्हा पुस्तक नेले तर वाचून होईल.’’

‘‘आणि रात्री?’’

‘‘रात्री नाहीच. मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सगळ्यांचेच जेवण साडेसहाला. पहाटे उठायचे तर पोरांनी लवकर जेवलेले बरे. मी हे तुमच्या घरासाठी केलेले नाही, आधीपासून असेच लिहिले आहे. बघा.’’

शेठनी चष्मा चढवला. वहीत खरोखरच तसे होते. प्रत्येक मुक्कामापुढे जेवणाची वेळ, कोणाच्या घरी, किती पाने. सवय होती म्हणून त्यांनी बोट लावून ओळी वाचल्या. नावे बाजूचे चढही वाचले. जयगडच्या ओळीवर बोट थांबले. त्यांच्या वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी जयगड-गुहागर बाजूला डोक्यावर गठ्ठा घेऊन कापड विकले होते, खाडी होडीने उतरत, हे ते बोलले ते सरांपेक्षा स्वतःशीच. मग म्हणाले, ‘‘तवसाळला उतरल्यावर चढ आहे म्हणायचे अजून.’’

‘‘आहे तसाच आहे.’’

मुलगी आतल्या बाजूला तागे रचत होती. तिने मान वर केली नाही, पण रचणे थांबले होते.

शेठनी वही मिटली नाही. गल्ल्यातून पेन काढून त्यांनी विचारले, ‘‘गुहागरच्या मुक्कामी भाजी कोणती होईल? कांदा-बटाटा नको. ते आधी कळवायला लागेल ना?’’ आणि उत्तराची वाट न पाहता गुहागरच्या ओळीपुढे बारीक अक्षरात लिहायला घेतले.