आधी दवाखाना, मग नारळ

बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना.

फेब्रुवारी महिना होता. कोंडाण्याच्या खाली उल्हास नदी तेव्हा इतकी बारीक झालेली असते की दगडांवर पाय ठेवत पलीकडे जाता येतं. पिंड ठेवून आम्ही सगळे मागे येऊन उभे राहिलो. समोरच्या झाडावर सात-आठ कावळे होते. त्यातला एक खाली यायचा, पिंडापासून हातभर अंतरावर उड्या मारायचा आणि परत फांदीवर जाऊन बसायचा.

मी दहाव्याला बसायलाच तयार नव्हतो. मी देव मानत नाही, आत्मा मानत नाही, आणि माझे बाबा भुकेले राहून कावळ्याच्या रूपात येतील हे तर मुळीच मानत नाही. पण आईने फक्त एवढंच विचारलं होतं, "मग कोण बसणार?" मला भाऊ नाही. मी मुंडण केलं, धोतर नेसलो आणि बसलो.

अर्धा तास गेला. लोक एकेक करून बोलायला लागले. घराचं काम राहिलंय, पोराचं लग्न राहिलंय, म्हणून जीव अडकलाय. मामाने हात जोडून झाडाकडे बघत सांगितलं, "ताईला आम्ही अंतर देणार नाही." कावळा जागचा हलला नाही. मला उन्हात डोकं तापल्याचं जाणवत होतं आणि मनात कावळ्याच्या वागण्याचं स्पष्टीकरण चालू होतं. समोर पंचवीस माणसं टक लावून बघतायत, नवीन वस्तू आहे, तो कशाला येईल?

मग आई म्हणाली, "त्यांची एकच इच्छा राहिली होती." आणि तिने काकांकडे बघितलं. नंतर माझ्याकडे.

---

काका आणि मी साडेसात वर्षं बोललो नव्हतो. दोष माझा होता.

२००९ च्या पावसाळ्यात काकांच्या मुलीला झोपेत साप चावला. ती नऊ वर्षांची होती, मी बाराचा. आमच्याकडे तेव्हा पावसात सगळे ओळीने खालीच झोपायचे. पहाटे ती पोट दुखतंय म्हणून उठली. अंगावर सूज नाही, रक्त नाही, जखम शोधूनही सापडेना. थोड्या वेळाने तिच्या पापण्या मिटायला लागल्या. काकूला वाटलं झोप येतेय. आजीने ओळखलं आणि काका तिला उचलून भगताकडे घेऊन गेले. भगताने पाणी मंतरलं, पाला चोळला. दोन तास गेले. मग कुणाचा तरी टेम्पो मिळाला. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा श्वास थांबला होता.

ती मण्यार होती, हे मला पुढे वाचून कळलं. मण्यार रात्री चावते, चावा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. तिचं विष नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. वेळेत प्रतिविष आणि कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. घोड्याला विषाचे छोटे-छोटे डोस देऊन त्याच्या रक्तातून ते बनवतात. मुंबईत, म्हणजे आमच्यापासून लोकलच्या अंतरावर, हाफकिन संस्था कित्येक दशकं हे काम करत आलीय.

भगताची माणसं का वाचतात तेही कळलं. बरेचसे साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसं विष सोडतोच असं नाही. म्हणजे दहा जण भगताकडे गेले तर त्यातले बरेच जण काहीही न करता वाचणारच असतात. ते परत येऊन गावभर सांगतात. जे मरतात ते सांगायला येत नाहीत. ज्याला यश आलं त्याचाच डेटा मोजायचा, ही चूक आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षालाच शिकवतात.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. त्यांची पुस्तकं मी त्यानंतर वाचली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. मी ती अनुसूची वाचताना रडलो होतो. चार वर्षं उशिरा का होईना, आमच्या घरातली गोष्ट कायद्यात लिहिलेली होती.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. गणपतीत सगळे घरी जमले होते, काका आरती म्हणत होते. आरती झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे तबक धरलं. मी हात मागे घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "या तबकानेच तुमची पोरगी मारली."

काकांनी तबक खाली ठेवलं आणि बाहेर गेले. बाबा मला काहीच बोलले नाहीत. पुढची सात वर्षं ते सुट्टीच्या दिवशी सकाळी काकांकडे चहा प्यायचे आणि संध्याकाळी मला फोन करायचे.

---

बाबा रेल्वेत कीमन होते. कर्जतच्या पुढे घाट सुरू होतो. लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात, ती चढताना रूळ जे काही सोसतात ते सोसायला प्रत्येक चावी जागेवर असावी लागते. रोज सकाळी ठरलेला पट्टा चालायचा, सैल झालेली चावी ठोकायची, रुळाला तडा आहे का बघायचं. बाबांच्या पट्ट्यात शेंदूर लावलेला एक दगड होता. तिथे ते टोपी काढून हात जोडायचे.

मी लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. दगडाच्या पुढची चावी त्यांनी ठोकली तेव्हा मी विचारलं, "देवाजवळची पण सैल होते?" ते हसले. "होते की. देव काय हातोडी घेऊन बसलाय?"

एवढ्या वर्षांत ते वाक्य मी विसरलो होतो. श्रद्धा आणि विज्ञान एका डोक्यात राहू शकतात का, यावर मी कॉलेजात तावातावाने भांडलो आहे. माझं उत्तर तेव्हा ठाम 'नाही' असं होतं. बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू होता आणि विश्व प्रसरण पावतंय हे त्याने १९२७ मध्ये समीकरणांतून मांडलं, हे कुणी सांगितलं की मी म्हणायचो, तो अपवाद. रामानुजन नामगिरी देवीचा भक्त होता म्हटलं की म्हणायचो, देवीने सिद्धता लिहून दिली नाही, म्हणून तर हार्डींनी त्याला सिद्धता लिहायला लावल्या. पण माझ्याच घरात एक माणूस रोज हात जोडून लगेच पुढची चावी तपासत होता. तो मला उदाहरण म्हणून कधी दिसलाच नाही.

आता मला वाटतं, भांडण श्रद्धा आणि विज्ञान असं सरसकट नाही. एखादी श्रद्धा जगाबद्दल दावा करते तेव्हा भांडण आहे. मंत्राने विष उतरतं हा दावा आहे. पत्रिकेवरून माणूस कळतो हाही दावाच, आणि तो तपासता येतो. डॉ. जयंत नारळीकरांनी दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर तो तपासला होता. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस पाठवून कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती.

अशा ठिकाणी मला आजही तडजोड नको आहे. आमच्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्री काढून काढून विष हृदयावर काय करतं ते नोंदवलं आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं. लाल विंचवाच्या विषाने माणसं पटापट मरत, ते प्रमाण या उपचाराने एक टक्क्याच्या आसपास आलं. त्याआधीच्या पिढ्यांनी काय कमी नवस केले असतील?

पण माझ्या बाबांनी शेंदरी दगडाला हात जोडले त्यात कुठला दावा होता? त्या दिवशी मी नीट विचारलं असतं तर कदाचित ते म्हणाले असते, घाटात एकट्याने चालायचं असतं, बरं वाटतं.

---

नदीकाठी मी काकांकडे वळलो. बोलायला सुरुवात केली आणि आवाजच फुटेना. "काका, मी तेव्हा जे बोललो ते…" एवढंच आलं. काकांनी माझ्या खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग झाडाकडे बघूनच म्हणाले, "मला देवाने नाय सांगितलं व्हतं भगताकडं जा म्हणून. गाडी नव्हती रे. भगत चार घरं सोडून व्हता. पोर हातात घेऊन नुसतं उभं राहवत नाय."

मी सात वर्षं श्रद्धेला आरोपी करून बसलो होतो. रस्त्याचा, वाहनाचा, पावसाचा विचार मी केला नव्हता. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात सुरू झाली २०१४ मध्ये. आमच्या घरी ती रात्र आली होती २००९ ला. भगताकडे गेलेले दोन तास चूकच होते, ते मी आजही बदलून सांगणार नाही. पण ते दोन तास भगताने लपवून ठेवले नव्हते. तेव्हा आमच्या गावात त्या दोन तासांत करण्यासारखं दुसरं काही उपलब्ध नव्हतं.

कावळा शेवटपर्यंत आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी संपला. मी आईकडे घाबरून बघितलं. ती शांत होती. "कावळ्याला नसेल भूक," ती म्हणाली. "तू बोललास ना."

म्हणजे प्रयोग फसला होता आणि तरीही काम झालं होतं.

---

त्या संध्याकाळी मी लेण्यांकडे चढून गेलो. राजमाचीला जाणाऱ्या ट्रेकर्सना कोंडाणे लेणी वाटेत लागतात, बहुतेक जण धबधब्याखाली फोटो काढून पुढे जातात. लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची, बौद्ध. चैत्य आहे, विहार आहे. विहाराच्या छतात दगडातून तुळया कोरून काढल्यात, अगदी लाकडी घराच्या असतात तशा. इंजिनिअर म्हणून बघितलं तर त्या तुळयांवर कसलाही भार नाही. अख्खा डोंगर स्वतःलाच पेलून उभा आहे. बरेच खांब झिजून, तुटून गेलेत, छत तसंच आहे. मग एवढे कष्ट कशाला? ज्यांना घर म्हणजे लाकडी छत एवढंच माहीत होतं, त्यांना डोंगराच्या पोटातही घरात असल्यासारखं वाटावं म्हणून असेल.

चैत्याच्या बाजूला यक्षाच्या शिल्पाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. तिचा अर्थ: कण्हाचा शिष्य बलक याने केले. त्या ओळीत नवस नाही, फळ नाही. गुरूचं नाव, आपलं नाव, काम केलं एवढंच. खडक वरून खाली कोरत आणायचा तर चुकलेला घाव भरून काढता येत नाही. बलकाची श्रद्धा काय होती मला माहीत नाही, पण त्याचं मोजमाप पक्कं होतं.

---

राहिला प्रश्न सुखाचा. श्रद्धाळू माणसं जास्त सुखी असतात, हे ऐकून मी चिडायचो. पण आकडे बऱ्यापैकी तेच सांगतात. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१९ च्या अहवालात अमेरिकेत नियमित प्रार्थनेला जाणाऱ्यांपैकी ३६ टक्के लोकांनी स्वतःला खूप सुखी म्हटलं. धर्म मानणारे पण प्रार्थनेला न जाणारे २५ टक्के, आणि कुठलाच धर्म न मानणारेही २५ टक्के. मधला आकडा परत वाचा. नुसतं मानल्याने काही फरक पडत नाही, पडतो तो जाण्याने. लिम आणि पुटनम या अभ्यासकांनी २०१० मध्ये हेच आणखी खोलात जाऊन बघितलं होतं. समाधान वाढतं ते तिथे भेटणाऱ्या मित्रांमुळे, असं त्यांना दिसलं.

मला हे पेपरमध्ये वाचायची गरज नव्हती. बाबा गेल्यावर तेरा दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही. डबे शेजारून यायचे. रात्री भजनी मंडळ यायचं, आई भिंतीला टेकून ऐकत बसायची आणि तिथेच झोपायची. चौदाव्या दिवशी मी पुण्याला फ्लॅटवर परत आलो. टीमच्या ग्रुपवर हात जोडलेले बावीस इमोजी होते. सगळे चांगले लोक आहेत. पण कुणी येऊन बसलं नाही, आणि मी कुणाला ये म्हणालो नाही. आमच्या बाजूकडे उत्तरं आहेत. सतरंजी नाही.

बरं वाटतं म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, हे मला अजूनही मान्य आहे. म्हणून मी देव मानायला लागलो नाही. पण महिन्यातून एकदा घरी गेलो की भजनाला जाऊन बसतो. टाळ मला जमत नाहीत. कुणी विचारत नाही मी काय मानतो.

गेल्या पावसाळ्यात रात्री दीडला काकांचा फोन आला. वाडीवरच्या एका पोराला साप चावला होता, ते त्याला मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात घेऊन आले होते. अशा फेऱ्या ते कित्येक वर्षं मारतायत, हे मला आईकडून कळलं होतं. प्रतिविष सुरू झालं होतं, डॉक्टर इंग्रजीत काहीतरी बोलले ते त्यांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं. मी समजावलं. सकाळी परत फोन आला, पोरगं बोलायला लागलं होतं.

"आता देवळात नारळ फोडून घरी जातो," काका म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "चालेल ना रे?"

"चालेल," मी म्हणालो. "माझा प्रसाद ठेवा."