पाचवे शील आणि माझा दादा

आपल्या शाळेची सकाळ त्रिसरण-पंचशीलाने उजाडते. गेली अठ्ठावीस वर्षे मी मुलांबरोबर हात जोडून पाचवे शील म्हणत आलो आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये दारूच्या दुकानांना विरोध केला होता, हेही मी इतिहासाच्या तासाला आवर्जून सांगतो. स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा मात्र या अभिमानाच्या आड मी इतकी वर्षे झाकून ठेवलेली एक गोष्ट आठवली.

माझा थोरला भाऊ मराठवाड्यातून भोसरीत आला तो दहावी सोडून. एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो प्रेस मशीन चालवीत असे. त्याच्या पगारावर मी इतिहासात एम.ए. झालो. दर वर्षी २५ डिसेंबरला आम्ही दोघे देहूरोडच्या विहारात जात असू. १९५४ साली त्याच दिवशी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, हे मला प्रथम दादानेच सांगितले होते. पुढे वर्कशॉप बंद पडले. चाकणला ठेकेदाराच्या हाताखाली बारा-बारा तासांची पाळी, दर सहा महिन्यांनी ब्रेक, झोपेचा पत्ता नाही. आधी थकवा घालवण्यासाठी घेतलेली दारू नंतर सकाळीही लागू लागली.

मी काय केले? २००७ च्या बुद्धपौर्णिमेला त्याला वस्तीतील लोकांसमोर उभे केले, मूर्तीपुढे शपथ घ्यायला लावली आणि घरी आणून खोलीला बाहेरून कडी लावली. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाला. वारलेल्या आईशी बोलू लागला. शेजारच्या बाया बाहेरची बाधा म्हणाल्या. मी विज्ञाननिष्ठ, म्हणून मी त्याला नाटक म्हणालो. दोघांचेही निदान सारखेच चुकीचे होते. रात्री त्याला झटका आला. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली तर जिवावर बेतू शकते, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते, हे मला रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभे असताना कळले. दादा त्या वेळी वाचला. पण माझ्या घराचा उंबरा त्याने पुन्हा ओलांडला नाही. दोन वर्षांनी यकृताच्या आजाराने तो गेला.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. अभिजित नाडकर्णी हे मनोविकारतज्ज्ञ संशोधक आणि त्यांचे ‘संगात’ संस्थेतील सहकारी यांनी केलेले काम त्यातूनच मला भेटले. मनोविकारतज्ज्ञ मूठभर आणि पिऊन संसार मोडणारे असंख्य, मग उपचार करणार कोण, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी गावातीलच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली, वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेली माणसे निवडली आणि त्यांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर ही पद्धत तपासून पाहिली. एक ते चार बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. आधी त्या माणसाच्या पिण्याने त्याचे काय झाले आहे, हे त्याच्यासमोर शांतपणे मांडायचे; मग मित्रांच्या आग्रहाला नकार कसा द्यावा, राग आणि चिंता कशी हाताळावी, याची तयारी करून घ्यायची; शेवटी पुन्हा घसरण झाली तर काय करायचे, ते ठरवून ठेवायचे. उपदेश नाही, शपथ नाही. समुपदेशक एकमेकांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून परस्परांना गुण देत. आम्ही शिक्षकांनीही शिकावे असे ते आहे.

२०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनंतरच्या पाहणीत, मागील चौदा दिवसांत दारूला न शिवलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के, तर इतरांत १८ टक्के होते. जे पीत राहिले, त्यांच्या पिण्याचे प्रमाण मात्र घटलेले दिसले नाही. संशोधकांनी हेही लपवले नाही. शिवाय दादासारख्या पूर्ण आहारी गेलेल्यांसाठी ही पद्धत नव्हती; त्यांना तज्ज्ञांकडेच पाठवायचे होते.

तशांसाठी आपल्या पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ उभे आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर ते सुरू केले. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे नव्याने आलेल्यांना हात देतात. भोसरीहून येरवडा काही फार लांब नाही. ते अंतर माझ्या लाजेने लांब केले होते.

विनयपिटकात सागत स्थविरांची कथा आहे. लोकांनी आदराने पाजलेले मद्य पिऊन ते कोसंबीच्या वेशीवर कोसळले. तथागतांनी भिक्खूंना सांगून त्यांना उचलून विहारात आणवले. मद्यपानाविषयीचा विनयनियम त्या प्रसंगानंतर झाला. आधी पडलेल्याला उचलणे आणि मग नियम, हा क्रम मी उलटा केला होता.

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी जायला तयार होईना. वडील चाकणला ठेक्यावर कामाला होते, रोज पीत. आई दिवसचे दिवस कोणाशी बोलत नसे. पूर्वीचा मी वडिलांना पालकसभेत उभे करून पंचशील ऐकवले असते. या वेळी त्यांना ग्रंथालयात बसवून चहा दिला आणि विचारले, “झोप लागते का?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.” त्यांना उपचारासाठी आणि मुलाच्या आईला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यासाठी मी दोन्ही वेळा सोबत गेलो. वडील एकदा पुन्हा घसरले, पुन्हा उपचाराला गेले. आई अजून गोळ्या घेते, आता बोलते. पुढच्या दिवाळीला मुलगा घरी गेला. यापलीकडे मोठे यश सांगण्यासारखे माझ्याजवळ नाही.

माजी विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जण आज याच कारखान्यांत सुपरवायझर आहात, युनियनमध्ये आहात, परिचारिका आहात, वस्तीतल्या विहाराचे पदाधिकारी आहात. जयंतीच्या मिरवणुकीतून पिणाऱ्याला बाहेर काढता, ते योग्यच. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात कोण जातो, एवढे स्वतःला विचारा. मन खचलेल्या कोणासाठीही ‘टेलिमानस’चा १४४१६ हा शासकीय क्रमांक निःशुल्क आहे, तो विहाराच्या फलकावर लिहा. महिन्यातून एका रविवारी दोघा-तिघांनी विहारात ऐकण्यासाठी बसावे. ऐकायला शिकण्यासाठी पदवी लागत नाही, हे गोव्याने दाखवून दिले आहे.

मी आजही रोज सकाळी मुलांबरोबर पाचवे शील म्हणतो. ते म्हणताना आता डोळ्यांसमोर दादा असतो, आणि बाहेरून लावलेली ती कडी.

जयभीम. नमो बुद्धाय.