मीठ कमी आहे!

स्वयंपाकात मीठ कमी आहे असे बिनदिक्कत सांगण्याचा अधिकार फक्त सासूला असतो, अशी माझी समजूत होती. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाशेजारी भिंतीवर एक पेटी आहे, तीही तसे सांगते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिच्यावर तांबडा दिवा लागला आणि खाली अक्षरे उमटली, 'लो सॉल्ट'. सेक्रेटरींनी तत्परतेने मिठाचे ५० किलोचे पोते ओतायला लावले. दिवा तांबडाच. दुसरे ओतले, तिसरे ओतले. चौथ्या पोत्यानंतर दिवा तांबडाच राहिला, तलाव मात्र हिरवा झाला.

ही पेटी म्हणजे मिठापासून क्लोरीन करणारा जनरेटर. (वीज गेली की वॉचमन बरेच दिवस तिच्याकडे मोठ्या आशेने बघत असे.) पाण्यात लिटरमागे तीन-साडेतीन ग्रॅम मीठ असले की पुरते, समुद्रात सुमारे ३५ ग्रॅम असते. हे पाणी नळीतल्या टायटॅनियमच्या पत्र्यांमधून जाते, पत्र्यांतून वीज जाते, मिठातला क्लोरीन सुटतो, जंतू मारतो आणि काम झाले की बहुतेक पुन्हा मीठ होऊन पाण्यात येऊन बसतो. मुद्दल शाबूत, नुसत्या व्याजावर संसार! असा खातेदार आमच्या शाखेत अजून आलेला नाही.

माझे घोडे इथेच अडले. मुद्दल जर शाबूत, तर चार पोती गेली कुठे? उन्हाने पाणी उडते, मीठ उडत नाही. फिल्टर धुताना थोडे जाते, पोरे उड्या मारतात त्यात थोडे जाते. पण २०० किलो? बँकेत पाच रुपयांचा फरक आला तरी आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो. इथे सगळी कमिटी खिशातून पैसे घालून फरक भरून काढत होती.

एरवी मी कमिटीच्या भानगडीत पडत नाही. पण तळमजल्यावरच्या आजींना गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितले होते. जमिनीवर त्यांना भिंत लागते, पाण्यात त्या एकट्या चालत. तलावाला कुलूप लागले तसे त्यांचे खाली येणेच थांबले. एकदा खिडकीतून म्हणाल्या, "अरे बँकवाल्या, तुमचं ते यंत्र बरं होणार का माझ्या आधी जाणार?" मग मात्र मी यंत्राचे पुस्तक मागून घेतले. ते सेक्रेटरींच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. पिशवी फोडलेलीच नव्हती.

त्यात लिहिले होते की यंत्र मीठ चाखत नाही. पत्र्यांतून वीज किती वाहते ते बघून ते मिठाचा अंदाज बांधते. पत्र्यांवर क्षार चढला, पत्रे जुने झाले किंवा पाणी फार गार असले की वीज कमी वाहते, आणि यंत्र बेधडक म्हणते, मीठ कमी. मोतीबिंदू झालेल्या माणसाने घरात दिवाच नाही म्हणावे, त्यातला प्रकार. मी बाजारातून मीठ मोजण्याच्या पट्ट्या आणल्या. लिटरला ५.२ ग्रॅम! आमचा तलाव एक लाख लिटरचा, म्हणजे एका पोत्याने अर्धा ग्रॅम वाढतो. चार पोती वजा केली की उरले ३.२. म्हणजे पहिल्या दिवशीही मीठ पुरेसे होते. हिशेब टॅली झाला.

वीज बंद करून, व्हॉल्व्ह मिटून नळी उघडली, तर पत्र्यांवर पांढरा थर, आमच्या गीझरच्या कॉइलवर असतो तसा. टँकरने आणलेल्या बोअरच्या पाण्याची ही देणगी. सेक्रेटरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खरवडायला धावले. मी जवळजवळ आडवाच पडलो. पत्र्यांवर महागडा मुलामा असतो, तो गेला की नवी नळी, आणि त्या किमतीत सोसायटीची लिफ्ट रंगवून होते. प्लंबरने हातमोजे घालून चार भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतले (आधी पाणी, मग ॲसिड, उलट केले तर अंगावर उडते) आणि पत्रे त्यात बुडवले. सोड्याच्या बाटलीसारखे फसफसले, पंधरा मिनिटांत गप्प झाले. नळी बसवली, बटण दाबले. तांबडा दिवा पुन्हा लागला. आता अक्षरे होती, 'हाय सॉल्ट'.

जास्तीचे मीठ काढायला औषध नाही. पाणीच काढावे लागते. ३० हजार लिटर उपसले आणि तीन टँकर मागवले. अर्थात बोअरच्याच पाण्याचे. खजिनदारांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की पोती मीच वाहून आणली होती. हिरवे घालवायला वरून द्रवरूप क्लोरीन ओतला, कारण असा साठलेला बोजा यंत्राच्याने आवरत नाही. चार दिवसांनी तळाच्या फरशा दिसू लागल्या.

पाचव्या दिवशी आजी उतरल्या. कठडा सोडून या काठापासून त्या काठापर्यंत चालल्या. फेऱ्या मोजायचे काम माझ्याकडे होते. मी सहा मोजल्या, त्या म्हणाल्या सात. इथे मी टॅलीचा आग्रह धरला नाही.